न तुटलेली कर

बेंदराला कर तुटली नाही, ही बातमी संध्याकाळी वडूजला पोचली आणि सकाळी पहिल्या एस.टी.नं गावात परत आली तेव्हा तिच्यात दोन बैल वाढले होते. खरा बैल एकच. चांदसाहेब मुलाणींचा हौश्या. गावात ट्रॅक्टर सत्तावीस झाले होते आणि बैलजोडी एकच उरली होती, त्यामुळे मानाचा बैल कोणाचा यावरून होणारी भांडणं आपोआप मिटली होती.

कर म्हणजे वेशीत आडवी ताणलेली गवताची मनगटाएवढी दोरी, कडुलिंबाचे डहाळे खोवलेली. बेंदराच्या सणाला रंगवलेला बैल वाजतगाजत येतो, छातीनं ती तोडतो आणि गावात शिरतो. मग पोरं तिचे तुकडे पळवतात. ही कर वळायचा मान फडतऱ्यांचा. त्यांच्या घरातल्या हरिबा सुभेदारांनी, लष्करात होते तेव्हाही सुट्टी काढून, साठ वर्षं ती वळली. यंदा त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. नारळाच्या झाडावरून पडलो असं ते सांगत, पण गावात नारळाचं झाड नव्हतं. म्हणून सुट्टीवर आलेल्या नातीनं, अंकितानं, कर वळली. हौश्या आला, छातीनं भिडला, कर ताणली गेली, आणि बैलच गुडघ्यावर बसला. वेशीची लोखंडी कमान एका अंगाला झुकली. कमानीवरचा फ्लेक्स सुटून बैलाच्या शिंगांत अडकला. त्यावर अंकिताचा फोटो आणि खाली ‘जगातील सर्वांत लांब झुलता पूल बांधणाऱ्या गावकन्येचे हार्दिक अभिनंदन’. तो पांघरून हौश्या जो सुटला तो थेट ओढ्यापर्यंत. धुणं धुणाऱ्या बायका म्हणे एकमेकींना म्हणाल्या, परदेशात जाऊन पोरगी अंगानं लय भरली.

सोमवारी सकाळी फडतऱ्यांच्या पडवीत सगळे बसले होते आणि ती न तुटलेली कर अंगणात पडली होती, मेलेल्या धामणीसारखी.

“अठराशे रुपयाचा फ्लेक्स,” अंकिताचा बाप जयराज म्हणाला.

“बैलाचं गुडघं फुटलं आन तुला फ्लेक्सचं पडलंय,” मंगल म्हणाली. ती त्याची थोरली बहीण, सांगलीला दिलेली. नवऱ्याचा हळदीचा व्यापार, त्यामुळे तिच्या प्रत्येक लुगड्याला एक पिवळा वास. “जया, पोरगी आठ दिसांसाठी आली. तिला कशाला लावायची कर वळायला?”

“आबांनीच सांगितलं.”

आबा म्हणजे हरिबा. ते कोपऱ्यात बाजेवर बसून बशीतला चहा पीत होते आणि त्यांना कमी ऐकू येत होतं. त्यांना सोयीनं कमी ऐकू येई.

जयराजला खरं तर फ्लेक्सची चिंता नव्हती. त्याला कपाटावरच्या बॅगेची चिंता होती. अंकिताचं विमान उद्या दुपारचं, आणि बॅग अजून खाली उतरली नव्हती. त्यानं वेशीपासून वडूजच्या फाट्यापर्यंत माणसं उभी करून अख्ख्या गावाला दाखवलं होतं, की बघा, माझी पोरगी काम करते त्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर एवढं, मध्ये एकही टेकू नाही, खाली समुद्र. आता ती परत गेलीच नाही तर त्या माणसांना काय सांगायचं?

राजेश्वरीनंही, म्हणजे अंकिताच्या आईनंही, ती बॅग पाहिली होती. तिनं धूळ पुसायचं निमित्त करून ती आणखी मागे सरकवली होती.

“वन्सं,” ती मंगलला हळूच म्हणाली, “तुमी त्या सांगलीच्या कामाचं काय म्हणत होता?”

“आवं, आमच्या ह्यांच्या वळखीचं कंत्राटदार हायत. कृष्णेवर पूल बांधत्यात. तीबी पाणीच हाय की. पोरगी शनवारी घरी, सोमवारी कामाला.”

“कृष्णेत जहाजं फिरतात व्हय?” जयराज म्हणाला. “तिकडं दिवसाला सव्वाशे जहाजं जात्यात पुलाखालनं. इकडं काय, म्हशी?”

अंकिता उंबऱ्यावर बसून हे ऐकत होती. शुक्रवारी तिच्या पुलाखालच्या सामुद्रधुनीतली जहाजवाहतूक सहा तास थांबणार होती. दोन काठांमधला पहिला दोर तिला पलीकडं न्यायचा होता, आणि तिचा पाय घरातून निघत नव्हता. फोनमध्ये साहेबांचा एक कागद येऊन पडला होता. त्यावर सही करायची, की न करता घरीच राहायचं, एवढाच प्रश्न होता. यातलं तिनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात चांदसाहेब आले. बैल सोबत नव्हता.

“बसा,” जयराज घाईनं म्हणाला. “औषधाचा खर्च आमी…”

“खर्च राहू द्या. खरचटलंय नुसतं, हळद लावलीया.” चांदसाहेब पायरीवर टेकले. “पर हौश्या वेशीतनं जाईना झालाय. सकाळी सोडला तर कमानीपशी थांबला, तिच्याकडं बघितलं, आन चांगला अर्धा मैल वळसा मारून मुजावराच्या रानातनं गावात आला. आता मला सांगा, पेंड आणायला मीबी रोज तेवढाच वळसा मारू?”

“मारा की, पोट उतरंल,” हरिबा बाजेवरून म्हणाले.

“ऐकू आलं व्हय, सुभेदार?” चांदसाहेब हसले नाहीत. त्यांचं लक्ष अंगणातल्या करीकडं होतं. ते उठले, उकिडवे बसले, करीवर अंगठा दाबून पाहिला. “मी लहान असल्यापासून बघतोय. माझ्या बापाचा बैल, मग माझा. कर कवा अशी घट्ट न्हवती. अंकिता, आत काय घातलंस गं बाई?”

“कोयता द्या,” अंकिता म्हणाली.

कोयत्यानं तिनं वरचं गवत सोललं. बाहेरचं वेष्टण सुतळीचं, वळसा वळशाला चिकटून, दोन वळशांत नख जाणार नाही असं. ते कापायलाच तिला पाच मिनिटं लागली. आत घायपाताचे पांढरे धागे होते. शेकडो. पण त्यांना पीळच नव्हता. सगळे शेजारी शेजारी सरळ झोपलेले.

“ह्यो दोर न्हवं,” चांदसाहेब म्हणाले. “दोराला पीळ लागतो.”

“आमच्या पुलाच्या दोराला नाही लागत, काका. पीळ दिला की प्रत्येक तार वाकडी धावते, जोर वाया जातो. सगळ्या तारा सरळ ठेवायच्या, एकेक करून एका काठावरनं दुसऱ्या काठावर न्यायच्या, हजारो. मग सगळ्या मिळून दाबायच्या आणि वरून घट्ट गुंडाळायच्या. माणसाएवढा जाड होतो. त्याला अख्खा रस्ता टांगायचा.”

मंगल खाली उतरली. तिला सांगलीच्या पुलाचा विसर पडला होता. “आन ती पहिली तार कशी जाती गं पलीकडं? पक्षी नेतो?”

“बोट नेते, आत्ती. तार नाही, आधी नुसता एक दोर. ह्या काठावरच्या खांबाला एक टोक, दुसरं बोटीला. बोट पलीकडं जाते. मग दोन्हीकडं विंच असतात, म्हणजे मोठाले रहाट, ते दोर ओढून हवेत उचलतात. तोवर जहाजं थांबवायची. दोर उचलला की ती खालून मोकळी. मग त्या दोरावरनं जाड दोर, त्याच्यावरनं आणखी जाड, आणि शेवटी तारा.”

“म्हंजी समदा पूल त्या पहिल्या दोरावरनं चालत येतो,” राजेश्वरी म्हणाली. मुलीच्या कामाविषयी तिनं आजवर काढलेला हा पहिला शब्द.

“होय, आई.”

“आमीबी बांधलाय,” हरिबा म्हणाले. “पासष्टच्या लढाईत. एका दिसात. इतका बिगीबिगी बांधला, की आमी पोचलो तवा पलीकडचा काठ तयार न्हवता. बसून वाट बघितली.”

कुणी हसलं नाही, कारण हे सगळ्यांना पाठ होतं. पण हरिबा बाजेवरून उठले, आणि ते मात्र नेहमीचं नव्हतं. प्लास्टरचा हात पोटाशी धरून ते अंगणात आले, त्यांनी सोललेली कर मध्यभागी पायानं उलटी केली.

“हितं,” ते म्हणाले. “बरोबर मधोमध. हितं वीतभर मी साठ वर्सं नुसतं गवत ठेवत आलो. पीळ न्हाई, गाठ न्हाई. वरनं लिंबाचा पाला. दिसायला पैलवान, पर बैलाची छाती लागली की सुटतंय. कच्ची जागा. माझ्या बापानं मला दावली. जयालाबी ठाव न्हाई.”

जयराजला खरंच ठाऊक नव्हतं. पन्नास वर्षं तो बापाला जगातला सगळ्यात ताकदवान दोर वळणारा समजत होता. तो पायरीवर बसला.

“मंजी बैल तोडतच न्हवता?” चांदसाहेब हळूच म्हणाले. “माझ्या बापाचा बैलबी?”

“तुझ्या बापाचा बैल तर शिंकला तरी तुटली असती. कर तोडायसाठीच असती, चांद. बैलाला मार लागाय न्हाई पायजे आन लोकास्नी वाटाय पायजे, की लय जोर लागला.”

“मग आबा,” मंगल म्हणाली, “पोरीला सांगितलं का न्हाई? तुमी तर दिसभर बाजेवर बसून तिच्याकडं बघत होता.”

हरिबांनी पुन्हा कमी ऐकायचा विचार केला असावा, पण तो सोडून दिला.

“बघायचं व्हतं,” ते म्हणाले. “साठ वर्सं मी तुटायचीच दोरी वळली. माझ्या हाताखालची पोरगी न तुटणारी वळतीया म्हणल्यावर… एकदा बघावं म्हणलं. बैलाचा इचार केला न्हाई. ती चूक माझी. चांद, तुझ्या हौश्याला मी सोता हात धरून वेशीतनं नेतो.”

“हात मोडलाय तुमचा.”

“दुसरा हाय.” मग ते अंकिताकडं वळले. आवाज तोच होता, फक्त त्यातली खोडी गेली होती. “पर तू एवढी आवळत व्हतीस, की सुतळीनं बोटं कापली तुझी. बेंदराच्या करीला कुणी एवढं आवळतं व्हय? तुझ्या हातचं काय तुटलंय तिकडं?”

अंकितानं कोयता पायरीवर ठेवला.

“दोर तुटला, आबा. पहिलाच.”

आणि मग तिनं सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी जहाजं थांबवली होती. बोट दोर घेऊन निम्म्यावर पोचली. वाहतूक बंद केलेल्या पाण्याबाहेर थांबलेल्या एका मालवाहू जहाजाचं इंजिन गेलं, प्रवाहानं ते आत आलं आणि दोराला अडकलं. दोर ताणला आणि मधल्या तुकड्यात तुटला. तो तुकडा अंकितानं बसवला होता. बाकीच्या दोरापेक्षा मुद्दाम कमजोर. हिशोब तिचा होता. सहा तास वाया गेले. दोन्ही बाजूंना मिळून तीस-पस्तीस जहाजं तुंबली, वर्तमानपत्रात आलं. आता साहेबांचा कागद आलाय, की शुक्रवारी अखंड दोर ओढायचा, मधला तुकडा काढायचा. सही अंकिताची हवी.

“आन तू करणार न्हाईस,” जयराज म्हणाला.

“करेन असंच वाटायला लागलं होतं, पप्पा. सगळे म्हणतात, तुझा हिशोब कमी पडला. मलाच कळेना झालंय, तो तुटायचा म्हणून तुटला का माझ्या चुकीनं तुटला. म्हणून काल…” ती करीकडं पाहू लागली. “म्हणून अजिबात न तुटणारी एक बांधून बघितली.”

हरिबा तिच्यासमोर उकिडवे बसले. गुडघे वाजले. “दोर जहाजाला अडकला तवा ती ओढणारी बोट कशी व्हती? नाक कुणीकडं?”

“आडवी होत चालली होती. दोर मागून खेचत होता. एक बाजू पाण्याला लागली.”

“आत माणसं किती?”

“चौदा.”

“दोर तुटल्यावर?”

“झटक्यात सरळ झाली.”

“आन ती चौदा?”

“एकाच्या हाताला लागलं. बाकी कुणाला काही नाही.”

हरिबांनी मान हलवली. पुढचं चांदसाहेब बोलले. “काल माझा बैल गुडघ्यावर आला, अंकिता. जमिनीवर. त्याच्याखाली पाणी असतं तर?”

मग राजेश्वरी उठली. आत गेली. स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कपाटावरची बॅग होती.

“तू न्हाई गेलीस तर?” तिनं मुलीला विचारलं.

“दुसऱ्या कुणाची तरी सही घेतील आणि अखंड ओढतील.”

“मग जा.”

आता गंमत बघा. ज्या बाईनं बॅग मागं सरकवली ती पोरीला जा म्हणत होती, आणि ज्या बापानं वडूजच्या फाट्यापर्यंत माणसं उभी केली होती तो उठून दारात आडवा झाला.

“थांब,” जयराज म्हणाला. “जाऊन काय करणार? सायबाला न्हाई म्हणणार? काढून टाकतील. पाच वर्सं घातली पोरीनं तितं. पुलावर नाव लागायचं ते जाईल. राहू दे की. सांगलीचं काम काय वाईट हाय?”

“मगाशी म्हशी म्हणत होतास,” मंगल म्हणाली.

“आक्का, तूच तर म्हणत होतीस…”

“मी म्हणत होते तवा मला चौदा माणसं ठाव न्हवती.” मंगलनं पदर खोचला. “माझी गाडी हाय. सांगलीला जायच्या आदी हिला मुंबईला सोडते. चांदभाऊ, तुमी त्यो दोर उचला, अंगणात पाय अडकतोय.”

“सही केली न्हाई तर काढतील तुला, अंकिता,” जयराज परत म्हणाला. आता तो भांडत नव्हता, विचारत होता.

“काढतील कदाचित, पप्पा.”

“मग?”

“मग मी तुकड्याचा हिशोब समोर ठेवून येईन. आणि आडव्या झालेल्या बोटीचे फोटो. बघतील तरी.”

जयराज दारातून बाजूला झाला. त्यानं राजेश्वरीच्या हातातली बॅग घेतली, हातात जोखली आणि म्हणाला, “रिकामीच हाय ही.”

“भरायला घ्या मग,” राजेश्वरी म्हणाली.

शुक्रवारी दुपारी पडवीत जयराजचा मोबाईल उशीला टेकवून उभा केला होता. जाताना अंकितानं त्यात जहाजं दाखवणारं ॲप घालून दिलं होतं. निळं पाणी, दोन्हीकडं पिवळा काठ, आणि एकेक जहाज म्हणजे एकेक बाण. साडेबाराला बाण थांबले. दोन्ही बाजूंनी मागून येणारे त्यांच्या मागं थांबले. दोन तासांत वरखाली बाणांची दाटी झाली आणि मधलं पाणी रिकामं पडलं.

“उसाच्या गाड्या कारखान्यावर थांबत्यात तसं,” चांदसाहेब म्हणाले. ते मिरच्या विकायला निघाले होते ते तिथेच बसले.

“ह्यो बाण कुठला?” राजेश्वरीनं विचारलं.

जयराजनं बोट ठेवलं की नाव येई. “ह्यो धान्याचा हाय. ह्यो तेलाचा. ह्यात मोटारी हायत, चार हजार.”

“चार हजार मोटारी आपल्या पोरीसाठी थांबल्यात?”

“दोरासाठी.”

“तेच ते.”

सांगलीहून मंगलचे चार फोन आले. मधल्या रिकाम्या पाण्यात एक बारका बाण एका काठावरून निघाला होता. तो इतका हळू जाई, की हरिबांनी त्याच्या टोकावर नख ठेवलं आणि चहा पिऊन झाल्यावर पाहिलं, तर तो नखाच्या जरासा पुढं होता. अंकितानं सही केली की नाही, हे त्या बाणावरून कळत नव्हतं. दोर अखंड होता की मध्ये तुकडा होता, हेही नाही. दोन दिवसांपासून तिचा फोन नव्हता. “मिटिंगमध्ये आहे” एवढा एक संदेश.

पावणेचारला बारका बाण पलीकडच्या काठाला लागला. जयराजनं पडदा जवळ घेऊन पाहिला, परत उशीला टेकवला.

साडेचारला फोन वाजला आणि नकाशा गेला, त्या जागी अंकिताचं नाव आलं. जयराजनं स्पीकर लावला. वाऱ्याचा आवाज प्रचंड होता.

“उचलला,” अंकिता म्हणाली. “वर गेला. दिसतोय मला.”

“तुकडा?” हरिबांनी विचारलं.

“आहे आबा. मध्येच आहे. त्याची गरज पडली नाही आज, नुसता आहे.”

“आन सही?” जयराज म्हणाला.

वारा मध्ये आला. मग ती म्हणाली, “नव्या कागदावर सही दुसऱ्याची आहे, पप्पा. दोन दिवस भांडले. तुकडा ठेवला त्यांनी, पण मला दोराच्या कामावरनं काढलं. आता मी काठावर उभी आहे, पाहुण्यांसारखी. रस्त्याच्या कामावर टाकणार म्हणालेत. पुलावर माझं नाव नसेल.”

जयराजनं मोबाईल उशीवरून उचलून हातात घेतला. राजेश्वरी त्याच्याकडं पाहत होती. त्याच्या तोंडून आता काय निघतंय यावर तिचं पुढच्या कितीतरी वर्षांचं काहीतरी ठरणार होतं.

“बोटीतली माणसं उतरली का?” त्यानं विचारलं.

“उतरली. चौदाच्या चौदा. चहा पितायत.”

“मग झालं,” जयराज म्हणाला. “ठिवतो. आमाला नकाशा बघायचाय.”

नकाशा परत आला. सगळे पुढे झुकले. पाच वाजायला पाच मिनिटं कमी असताना खालच्या दाटीतला सगळ्यात पुढचा बाण, तो धान्याचा, किंचित हलला. मग खरंच निघाला. रिकाम्या पाण्यात तो एकटाच वर चालला होता. दोर नकाशात दिसत नव्हता, पण पडवीतल्या प्रत्येकाला तो कुठे असेल ते आता माहीत होतं. बाण त्या जागी आला तसा हरिबांनी श्वास धरला, आणि जहाज खालून निघून गेलं.